जुन्या धावपट्टी-सायकलीची पुनर्घडण : सातारा-सांगली परिसराच्या अनुषंगाने

शर्यतीच्या बंदिस्त, कडेला उंचावत गेलेल्या धावपट्टीवर चालविण्यासाठी जी सायकल घडविली जाते, तिला इंग्रजी व्यवहारातील शब्दाने 'ट्रॅक सायकल' म्हणतात. तिला ब्रेक नसतो, फ्रीव्हील नसते, दिव्याची वा चिखलपंख्याची सोय नसते. मागील चाकाचे दातेरी चक्र हबवर घट्ट बसविलेले असते. त्यामुळे चाक फिरत असेपर्यंत पायडलेही फिरतच राहतात आणि स्वाराला पाय स्थिर ठेवता येत नाहीत. वरवर पाहता ही सायकलीची सर्वांत साधी जात होय. परंतु अशी एखादी जुनी सायकल हाती आल्यावर तिला पुन्हा चालती करणे हे साधे काम नाही. तीत धातुशास्त्र, यंत्रशास्त्र व इतिहास या तिन्ही विषयांचे प्रश्न एकाच वेळी उभे राहतात, आणि एका प्रश्नाचे उत्तर चुकल्यास स्वाराचा प्राण धोक्यात येतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचे विवेचन सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांची परिस्थिती समोर ठेवून केले आहे.

याच दोन जिल्ह्यांची निवड का, याचे उत्तर इतिहासात आहे. महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाचा एक मोठा प्रवाह सायकलीच्या दुकानातून निघाला आणि याच प्रदेशात येऊन स्थिरावला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींच्या विक्रीचा व दुरुस्तीचा धंदा केला. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ पासून, म्हणजे या दुकानापासूनच मोजतो. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निराळा करण्यात आला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. किर्लोस्करवाडी आज त्याच जिल्ह्यात आहे. तिकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ मध्ये उभा राहिला. ओतकाम, लेथकाम व कानसकाम या तीन विद्या अशा रीतीने या परिसरात तीन-चार पिढ्या मुरलेल्या आहेत. जुन्या सायकलीचा एखादा दुर्मिळ भाग परदेशातून मागविण्यापेक्षा मिरज, कुपवाड अथवा सातारा येथील एखाद्या लहान कारखान्यात घडवून घेणे शक्य होते, ते या परंपरेमुळे.

धावपट्टीच्या सायकली भारतात सर्वसामान्य कधीच नव्हत्या. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हर्न हिल येथील धावपट्टीवर भारताचे सायकलपटू उतरले होते आणि त्यांत मुंबईच्या पारशी स्वारांचा भरणा होता. या खेळाचे केंद्र दीर्घकाळ मुंबईसारख्या मोठ्या शहरांतच राहिले. यास्तव सातारा-सांगलीकडे असा सांगाडा सापडला, तर तो तेथे कसा आला याचा शोध त्या-त्या वस्तूपुरता स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. नगरपालिकेचा सायकल-कराचा पितळी बिल्ला, विक्रेत्याची पट्टी, तळाच्या नळीखाली ठोकलेला क्रमांक, रंगाच्या थरांचा क्रम, ही सर्व त्या शोधाची साधने होत. सांगाडा घासून 'स्वच्छ' करण्याची घाई नेमकी हीच साधने नष्ट करते. म्हणून पहिले हत्यार पान्हा नव्हे, तर वही आणि मोजपट्टी असावी.

येथे एका भ्रमाचे निराकरण आवश्यक आहे. बाजारात पुष्कळदा साधी दणकट सायकल चिखलपंखे व ब्रेक काढून धावपट्टीची म्हणून पुढे केली जाते. मागील चाकाची खाच मागच्या बाजूस उघडणारी आहे, एवढाच पुरावा त्यासाठी दिला जातो. पण आपल्याकडील रोजच्या वापराच्या सायकलींची खाचही तशीच मागे उघडते. तेव्हा केवळ तिच्यावरून निर्णय देणे चूक ठरेल. खरी लक्षणे निराळी आहेत. पुढील चिमट्याचे पाय लंबगोल नसून बहुधा गोल छेदाचे असतात, कारण बाजूने येणारा ताण त्यांनी सोसावयाचा असतो. चिमट्याच्या माथ्याला ब्रेकसाठी भोक पाडलेले नसते. चाक व नळ्या यांत अंतर जेमतेम असते. पायडलांचा मध्य जमिनीपासून अधिक उंच असतो, कारण उतरत्या पट्टीवर स्वाराला पायडल वर धरून ठेवता येत नाही आणि ते खाली घासल्यास पतन ठरलेले. क्रँकची लांबीही बहुधा १६५ मि.मी. इतकीच ठेवतात. ही लक्षणे एकत्र आढळली तरच सांगाडा धावपट्टीचा मानावा.

नळ्यांच्या पोलादाचा प्रश्न त्यानंतर येतो. दोन्ही टोकांना जाड व मध्ये पातळ अशा नळ्यांचे एकस्व इंग्लंडमध्ये रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये घेतले. मँगनीज व मॉलिब्डेनम मिसळलेले '५३१' हे त्यांचे प्रसिद्ध पोलाद १९३५ मध्ये बाजारात आले. त्यापूर्वीच्या सांगाड्यावर ५३१ ची चिकटपट्टी आढळल्यास ती मागाहून लावलेली आहे, हे उघड आहे. अशा नळीची मध्यभागीची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, आणि म्हणूनच गंजाचा विचार येथे केवळ शोभेचा राहत नाही. बाहेरचा गंज दिसतो. आतला दिसत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी ५,५०० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो, तर जत-आटपाडीकडे तो ५०० मि.मी.च्या आसपास असतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारणपणे साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाचे गंजणे वेगाने वाढते. म्हणजे एकाच वयाचे दोन सांगाडे, एक पश्चिमेकडील घाटमाथ्यावरच्या पडवीत ठेवलेला व दुसरा पूर्वेकडील कोरड्या माळावर, परीक्षेस घेतले तर त्यांची अवस्था सारखी असेल असे गृहीत धरता येत नाही. तळाच्या नळीची वाटी काढून आत दिवा धरावा, नळीवर नाण्याने हलके ठोकून आवाज ऐकावा, आणि शंका राहिल्यास ती सायकल रस्त्यावर आणू नये.

गंज काढण्याच्या पद्धती अनेक आहेत. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल झटपट काम करते, पण त्यातून निर्माण होणारा हायड्रोजन कठीण केलेल्या पोलादात शिरून त्यास ठिसूळ करतो. छर्रे, कोन व आस यांना ते लावू नये. ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण गंजाशी विद्राव्य संयुग बनवते आणि रंगाला सहसा धक्का लावत नाही. मात्र ते विषारी असल्याने हातमोजे हवेत. याखेरीज एक उपाय असा आहे की ज्याचे साधन साखरेच्या या पट्ट्यात मुबलक निघते, ते म्हणजे मळी. एक भाग मळी व नऊ भाग पाणी अशा मिश्रणात गंजलेला पोलादी भाग आठ-पंधरा दिवस बुडवून ठेवला असता मळीतील सेंद्रिय द्रव्ये लोहाच्या आयनांना धरून ठेवतात व गंज सुटतो, तर खालच्या पोलादाला फारसा उपद्रव होत नाही. ॲल्युमिनियमचे भाग मात्र त्यात घालू नयेत. मळी ही उत्पादन-शुल्क खात्याच्या नियंत्रणाखालील वस्तू आहे, तेव्हा ती रीतसरच मिळवावी. मिश्रण आंबल्यावर त्याला जो वास सुटतो, त्यामुळे प्रयोगशाळेऐवजी अंगणाचा कोपरा निवडणे श्रेयस्कर.

सुटे भाग काढताना बळाचा वापर टाळावा. हँडलचा ॲल्युमिनियमचा खुंट पोलादी नळीत वर्षानुवर्षे राहिला असेल, तर दोन धातूंमधील विद्युत्-रासायनिक क्रियेने तेथे ऑक्साइड साचून तो पक्का धरला जातो. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम विरघळवतो व पोलादास सोडून देतो हे खरे, पण त्यात तो भाग कायमचा जातो. म्हणून हा शेवटचा मार्ग होय. क्रँकच्या कॉटर-पिनीवर हातोडा मारणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक रिवाज आहे. त्याने पिन वाकते आणि आसाच्या छर्ऱ्यांच्या मार्गावर खळगे पडतात. शेगड्याने अथवा छोट्या दाबयंत्राने ती निघते. आट्यांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. ब्रिटिश पद्धतीच्या तळवाटीचे आटे १.३७ इंच व्यासाचे व इंचास २४ असतात, पण रॅले कंपनीच्या स्वतःच्या सायकलींत ते २६ असत. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही. पान्ह्याचा जोर लावल्यावर मात्र नळीचे आटे कायमचे मोडतात. शिवाय साखळीच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते, हे विसरून ती अधिकच घट्ट करणारे कारागीर विरळ नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे, म्हणजे मागील हबकडे वळू. धावपट्टीच्या खऱ्या हबवर एकापुढे एक अशा दोन पायऱ्या असतात. आतली पायरी मोठी व सरळ आट्यांची असते आणि तीवर दातेरी चक्र बसते. बाहेरची पायरी किंचित लहान व उलट्या आट्यांची असून तीवर कडी आवळतात. स्वार पायडल पुढे दाबतो तेव्हा चक्र आपोआप घट्ट होते. वेग कमी करण्यासाठी तो पायांनी उलट जोर देतो, तेव्हा चक्र सुटू पाहते. ते सुटण्याच्या दिशेने सरकले की कडीलाही त्याच दिशेने ओढते. परंतु कडीचे आटे उलटे असल्यामुळे त्या दिशेस ती घट्टच होत जाते. सुटू पाहणारा भाग आपल्या सुटण्यानेच कुलूप आवळतो, ही या रचनेतील खुबी होय.

मूळ हब हरवलेला असेल, तर पुनर्घडण करणारा सहसा साध्या सायकलीचा हब घेतो. त्यावर फ्रीव्हीलसाठी एकच, सरळ आट्यांची पायरी असते. योगायोगाने तिचे आटे तळवाटीच्या आट्यांशी जुळतात. म्हणून तळवाटीची कडी काढून ती दातेरी चक्राच्या वर आवळण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. ही युक्ती घातक आहे. येथे चक्र व कडी या दोघांचे आटे एकाच दिशेचे असल्यामुळे उलट जोरासरशी दोन्ही एकत्र सुटू शकतात. उतारावर चक्र सुटले म्हणजे सायकलीचा एकमेव ब्रेक गेला, आणि साखळी निसटून चाकात अडकली तर चाक जागच्या जागी थांबते. चिकट द्रव लावल्याने, घट्ट आवळल्याने वा पितळी झाळ भरल्याने हा दोष पूर्णतः जात नाही. शेवटच्या उपायाने तर हबच्या कवचावरही अनिष्ट उष्णता जाते. मूळ हब मिळत नसेल, तर दोन पायऱ्यांचा नवा हब घ्यावा अथवा लेथवर घडवून घ्यावा. या एका भागात काटकसर क्षम्य नाही.

साखळीविषयी थोडक्यात सांगता येईल. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टर येथे आधुनिक रुळसाखळी तयार केली. धावपट्टीवर मात्र एक इंच अंतराच्या कड्यांची साखळी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होती. पुढील चक्र २४ दात्यांचे व मागील ८ दात्यांचे, असे आकडे आढळले तर ती याच जातीची समजावी. तिचा तोटा गणिताने कळतो. २७ इंची चाकास २४ भागिले ८ या प्रमाणाने गिअर ८१ इंच येतो, आणि मागे एक दाता वाढविताच तो एकदम ७२ वर उतरतो. अर्ध्या इंचाच्या साखळीत ४८ व १६ दात्यांनी ८१, १७ ने ७६.२ आणि १८ ने ७२, अशी मधली पायरी मिळते. (गिअर इंचांत मोजण्याची ही पद्धत उंच चाकाच्या सायकलींच्या काळापासून आली आहे. आपल्या सायकलीची एक फेरी केवढ्या व्यासाच्या चाकाएवढी, असा तिचा अर्थ.) जुन्या साखळीच्या अर्धा-अर्धा इंचाच्या २४ कड्या १२ इंचांऐवजी सव्वाबारा इंचांच्या जवळ भरल्या, तर ती साखळी केवळ प्रदर्शनात ठेवावी.

चाकांच्या बाबतीत पहिला अडसर मापाचा आहे. आपल्याकडील साध्या सायकलीची २८ × १½ इंचाची रिम टायर बसण्याच्या जागी ६३५ मि.मी. व्यासाची असते. धावपट्टीच्या सांगाड्यात आज ६२२ मि.मी.ची रिम योग्य ठरते. तेरा मिलिमीटरांचा हा फरक अरुंद चिमट्यात सामावत नाही. मूळ चाकांवर शिवलेले टायर रिमला चिकटवीत, आणि धावपट्टीसाठी ते चिकटविण्यास लाखेचे द्रावण वापरीत. ती लाख भारतातूनच जात असे, ही एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. लाकडी रिमा सापडल्यास त्या जतन कराव्यात, त्यांवर स्वारी करू नये.

चाक विणण्याच्या कामाला या परिसरात एक अनपेक्षित साहाय्य लाभू शकते. मिरज हे सतार-तंबोऱ्यांचे गाव आहे. शस्त्रांना धार देणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले व तेथे ती कला रुजली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. ताणलेल्या तारेच्या नादाची वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, हा नियम तंबोऱ्याच्या तारेला लागू आहे तसाच सायकलीच्या स्पोकलाही लागू आहे. दोन मिलिमीटर जाडीच्या पोलादी स्पोकचे वजन मीटरला सुमारे २५ ग्रॅम भरते. त्यावर १,००० न्यूटन ताण असेल आणि त्याची मोकळी लांबी २० सेंटिमीटर असेल, तर तो सेकंदास सुमारे ५०० कंपने करतो. एका अर्धस्वराचा फरक म्हणजे वारंवारतेत सुमारे सहा टक्क्यांचा आणि ताणात सुमारे बारा टक्क्यांचा फरक. चाकाच्या एका बाजूचे सर्व स्पोक बोटाने छेडून ज्याला अर्धस्वराचे अंतर ओळखता येते, त्याला बारा टक्क्यांची विषमता कोणत्याही उपकरणाशिवाय सापडते. चाकाचा आउट काढणारा केवळ रिम सरळ झाली की थांबतो. पण रिम सरळ असूनही ताण विषम असू शकतो, आणि असे चाक थोड्याच दिवसांत पुन्हा वाकते. जुन्या धावपट्टी-चाकांत स्पोकांच्या छेदबिंदूंवर तार गुंडाळून डाख दिलेला आढळतो. त्याने चाक अधिक ताठ होते असा समज होता. जॉब्स्ट ब्रँट यांनी केलेल्या मोजमापांत तसा फरक आढळला नाही. तो डाख म्हणून काढून टाकावा असे नाही. त्या काळच्या कारागिराची समजूत काय होती, याचा तो पुरावा आहे.

रंग, खोगीर व हँडलची फीत यांविषयी एवढेच सांगणे पुरे की, मूळ रंग निम्म्याहून अधिक शिल्लक असेल तर तो पुसून नव्याने रंगविणे हा जीर्णोद्धार नव्हे.

अखेरीस ब्रेकचा प्रश्न. या संपूर्ण उद्योगातील खरा पेच येथेच आहे. पुण्याजवळ बालेवाडीसारख्या ठिकाणी बंदिस्त धावपट्टीवर ब्रेकविना चालणे हाच नियम होय, कारण तेथे सर्वजण एकाच दिशेने जातात व कोणाजवळही अचानक थांबण्याचे साधन नसते. पण साताऱ्याहून कासकडे जाणारा यवतेश्वरचा घाट म्हणजे धावपट्टी नव्हे. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास दहा मीटर वेगाने, ७२ इंची गिअरवर उतरणाऱ्या स्वाराचे पाय मिनिटास सुमारे १०४ फेरे घेत असतात. त्या वेगात पायांनी उलट जोर देऊन केवळ मागचे चाक रोखता येते. रोखताना वजन पुढच्या चाकावर जाते व मागच्या चाकाची पकड घटते. साधारण मापाच्या स्वाराचा गुरुत्वमध्य १.१ मीटर उंचीवर व पुढील आसापासून ५८ सेंटिमीटर मागे, चाकांतील अंतर एक मीटर आणि घर्षणांक ०.८ धरला, तर केवळ मागच्या चाकाने मिळणारा मंदवेग गुरुत्वत्वरणाच्या पाव भागाहून अधिक होत नाही. पुढील चाकाला ब्रेक असेल, तर सायकल उलटण्यापूर्वी त्याच्या निम्म्यापर्यंत जाता येते. सपाटीवर थांबण्याचे अंतर पहिल्या बाबतीत वीस मीटरांहून थोडे अधिक, दुसऱ्या बाबतीत दहाच्या आसपास. उतारावर दोन्ही वाढतात, आणि पहिले अधिक प्रमाणात वाढते.

तेव्हा रस्त्यावर नेण्याच्या सायकलीला पुढील ब्रेक हवाच. प्रश्न असा की, तो बसवावयाचा कसा? चिमट्याच्या माथ्याला भोक पाडणे हा सोपा मार्ग. पण ते भोक पुन्हा बुजत नाही, आणि ज्या एका लक्षणावरून ती सायकल धावपट्टीची म्हणून ओळखली जाते, तेच त्याने पुसले जाते. शिवाय ज्या माथ्याची घडण भोकाचा विचार न करता झाली, त्याचे बळही घटते. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या जतनाबाबत असे तत्त्व मांडले की, नव्याने घातलेला भाग मूळ रचनेशी सुसंगत असावा, तरी मुळापासून वेगळा ओळखू यावा. यंत्रांच्या बाबतीतही ते ग्राह्य आहे. इंग्लंडमधील क्लबचे स्वार शर्यतीची सायकल स्वतः चालवीत धावपट्टीपर्यंत नेत. शर्यतीची चाके पुढील आसाला जोडलेल्या आधारांवर लादलेली असत, आणि ब्रेक चिमट्याला पट्टीने आवळून तात्पुरता बसविलेला असे. तोच उपाय आजही योग्य होय. चिमट्याच्या पायाभोवती चामड्याचे अस्तर लावून पट्टी आवळावी, तीवर ब्रेक बसवावा, आणि धावपट्टीवर जाताना तो उतरवावा. चिमट्याचे पाय फारच बारीक असतील, किंवा अरुंद जागेत पट्टी बसत नसेल, तर रस्त्यासाठी भोक असलेला निराळा चिमटा घडवून घ्यावा, त्यावर घडविल्याचे वर्ष कोरावे, व मूळ चिमटा तेल लावून, चिठ्ठी बांधून कपाटात ठेवावा. दोन्ही चिमट्यांची मापे, पोलादाची जात आणि झाळकामाचे साहित्य यांची नोंद सायकलीच्या वहीत करावी. पुढे कोणा अभ्यासकाने सांगाडा परीक्षेस घेतला, तर कोणते काम मुळातले व कोणते मागाहूनचे हे त्याला त्या वहीवरूनच कळावयाचे आहे.